विश्व कसं सुरू झालं: सोलापूरकरांनी सारखे विचारलेले प्रश्न

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानाजवळ टेलिस्कोप लावला की गुरूचे चंद्र बघायला रांग लागते, आणि बघून झालं की लोक बाजूला येऊन हळूच विचारतात, हे सगळं आलं कुठनं ओ? नंतर तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कधी दहावीच्या पोरांचे, कधी रिटायर झालेल्या काकांचे. जे परत परत आलेत ते इथं एका जागी केलेत. सलग वाचायची गरज नाही, पण ७ आणि ८ नंबर मात्र वाचाच, या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिथं आहे.

१. बिग बँग म्हणजे नक्की काय? स्फोट झाला का?

स्फोट या शब्दामुळेच घोळ होतो. स्फोट म्हटलं की आधी रिकामी जागा पाहिजे, त्यात एक सुतळी बॉम्ब पाहिजे आणि बाहेर उडणारे तुकडे पाहिजेत. तसं काही नव्हतं. म्हणणं एवढंच आहे की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं विश्व प्रचंड गरम आणि प्रचंड दाट होतं आणि तेव्हापासून ते पसरत, थंड होत आलंय. पसरतंय हे कागदावर आणि आकाशात १९२७ ला लमेत्र यांनी आणि १९२९ ला हबल यांनी दाखवलं. ते मुळात कशामुळे सुरू झालं हा वेगळा प्रश्न, तो १५ मध्ये बघा.

२. मग ते झालं कुठं? मध्य कुठंय?

भोगीची भाकरी आठवा. पिठाच्या गोळ्यावर तीळ लावायचे आणि थापत जायचं. भाकरी मोठी होईल तसा प्रत्येक तीळ दुसऱ्यापासून लांब जातो, तीळ स्वतः पिठात चालत जात नाही, मधलं पीठच पसरतं. कुठल्याही तिळावर बसून बघितलं तर वाटणार की मीच मध्यात आणि बाकी सगळे माझ्यापासून पळतायत, आणि जो जास्त लांब तो जास्त वेगानं पळतोय. दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचं, अगदी तसंच दिसतं. एकच फरक, भाकरीला कड असते आणि विश्वाला अशी कड आजवर सापडलेली नाही. म्हणून कुठं झालं याचं उत्तर "सगळीकडं", तुम्ही आत्ता जिथं बसलाय तिथंसुद्धा.

३. वय १३८० कोटी वर्षं, मग ४६०० कोटी प्रकाशवर्षं लांबचं दिसतं असं का लिहितात?

कारण प्रकाश वाटेत असताना मागचं पीठ पसरतच होतं (२ नंबर). प्रकाश १३८० कोटी वर्षंच चालला, पण जिथनं तो निघाला ती जागा तोवर सरकत सरकत ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर गेली.

४. देवयानी दीर्घिका तर आपल्याकडंच येतेय म्हणतात, मग सगळं लांब जातंय हे खोटं का?

खोटं नाही, अपवाद आहे. देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे विश्वाच्या हिशोबात शेजारी. एवढ्या जवळ गुरुत्वाकर्षण पसरण्यावर मात करतं, ती सेकंदाला शंभर-सव्वाशे किलोमीटरनं आपल्याकडं येतेय. पृथ्वी, सूर्य, आपली आकाशगंगा हेही पसरत नाहीत. पसरणं दिसतं ते दीर्घिकांच्या मोठ्या समूहांच्या मधल्या अंतरात.

५. सर, कणांचं शास्त्र म्हणजे अणूच्या आतलं आणि खगोल म्हणजे करोडो प्रकाशवर्षं लांबचं, या दोघांचा संबंधच काय?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे. विश्व आज पसरतंय म्हणजे मागं मागं गेलं की ते लहान आणि गरम होत जाणार. गरम म्हणजे काय, तर कण जास्त जोरात पळतात आणि जास्त जोरात एकमेकांवर आपटतात. साधारण ३००० डिग्रीला अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, १०० कोटी डिग्रीच्या वर अणुकेंद्रकं टिकत नाहीत, आणि दोन लाख कोटी डिग्रीच्या आसपास प्रोटॉन-न्यूट्रॉनसुद्धा वितळून त्यांच्यातले क्वार्क मोकळे होतात. आता हे आपटल्यावर काय होतं ते आकाशाकडं बघून कळत नाही, ते प्रयोगशाळेत कण आपटवूनच कळतं. उलट विश्व किती वेगानं पसरलं, आज कुठलं मूलद्रव्य किती उरलंय, हे प्रयोगशाळेत कळत नाही, ते दुर्बिणीतनंच कळतं. एकाला सुरुवातीचे नियम माहीत, दुसऱ्याला शेवटचा निकाल माहीत. दोघांची वही जुळवून बघायची, हे खरं काम.

६. तेव्हा बघायला कोणीच नव्हतं, मग पुरावा काय? का नुसता अंदाज?

त्या वेळचा प्रकाश अजून येतोय, तो मोजलाय. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत इलेक्ट्रॉन सुटे फिरत होते आणि प्रकाश दाट धुक्यात अडकावा तसा अडकलेला होता. तापमान ३००० डिग्रीच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन केंद्रकांना चिकटून अणू बनले आणि धुकं फाटलं. तेव्हा सुटलेला प्रकाश पसरून पसरून आज मायक्रोवेव्ह झालाय, त्याचं तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० डिग्री सेल्सिअस. १९६५ ला अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना अँटेनात एक खरखर यायची जी कुठल्याही दिशेला वळवलं तरी जायची नाही, त्यांनी कबुतरांची घाण काढली, जोड तपासले, तरी ती तशीच. ती हीच होती. पुढं कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी तिचे नकाशे काढले, त्यात जागोजागी तापमानात लाखात एक भाग एवढाच फरक आहे, आणि त्याच बारीक फरकांच्या जागी पुढं दीर्घिका गोळा झाल्या.

हा एक पुरावा, दुसरा खाली.

७. हेलियम २५ टक्के, हायड्रोजन ७५ टक्के असं पुस्तकात असतं, हे आकडे आले कुठनं?

हा हिशोब मी दहावीच्या पोरांकडून फळ्यावर करून घेतो, तुम्हीही वही घ्या.

पहिल्या सेकंदापर्यंत प्रोटॉनचा न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन असं सारखं उलटसुलट चाललेलं. न्यूट्रॉन जरासा जड, प्रोटॉनपेक्षा ०.१४ टक्के, म्हणून विश्व थंड होईल तसं न्यूट्रॉन बनणं अवघड होत गेलं आणि प्रोटॉन वाढत गेले. हे उलटसुलट कायम चाललं असतं तर न्यूट्रॉन संपलेच असते. पण गड्ड्यात बघा, रात्री नऊला गर्दी असते तेव्हा पावलापावलाला धक्का लागतो, आणि बारानंतर मैदान मोकळं झालं की माणसं तीच असली तरी धक्का लागत नाही. विश्व पसरलं तसं न्यूट्रिनोंचे (हे कण काय ते ८ मध्ये) धक्के असेच थांबले, आणि थांबले त्या क्षणी जे प्रमाण होतं ते तिथंच थिजलं. सहा प्रोटॉनमागं एक न्यूट्रॉन.

सुटा न्यूट्रॉन टिकत नाही, सरासरी १५ मिनिटांच्या आत फुटतो. म्हणून पुढच्या तीनेक मिनिटांत थोडे कमी झाले आणि प्रमाण आलं सातास एक. तेवढ्यात तापमान १०० कोटी डिग्रीच्या खाली आलं आणि कण एकमेकांना चिकटून राहायला लागले. आता १६ कण घ्या, १४ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन. हेलियमच्या एका केंद्रकाला २ आणि २ लागतात. बनला एक हेलियम, वजन ४. उरले १२ प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन. १६ मध्ये ४ म्हणजे २५ टक्के!

यातलं न्यूट्रॉनचं वजन आणि आयुष्य प्रयोगशाळेत मोजलंय, आणि ज्या लहान दीर्घिकांमध्ये ताऱ्यांनी फारशी भर घातलेली नाही तिथं दुर्बिणीनं हेलियम मोजलं तर ते २४-२५ टक्केच भरतं. ही कल्पना १९४८ ला आल्फर आणि गॅमॉव्ह यांनी मांडली.

हेलियमचा आपल्या भागाशीही संबंध आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेला विजापूर-जमखंडीकडनं गेला. जमखंडीत जॉन हर्शेल नावाचा लेफ्टनंट आणि गुंटूरला फ्रान्सचे जॅन्सेन स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, लावून बसले होते, सूर्याच्या ज्वाळांमधल्या चमकत्या रेघा त्यांनी बघितल्या. त्याच वर्षी इंग्लंडात लॉकियर यांनी त्यातली पिवळी रेघ तपासली आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नाही असं निघालं. सूर्यावरनं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर तो हाताला लागला थेट १८९५ ला.

८. दोन्ही शास्त्रांचे हिशोब खरंच जुळलेत असं एखादं ठोस उदाहरण द्या की.

न्यूट्रिनोचे प्रकार किती, हे उदाहरण. न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ वजन नसलेले, कशालाही सहसा न धडकणारे कण, सूर्याकडनं आलेले हजारो कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या नखातनं आरपार जातायत. १९७० च्या दशकात खगोलवाल्यांनी म्हटलं, न्यूट्रिनोचे प्रकार जास्त असते तर विश्व सुरुवातीला जास्त वेगानं पसरलं असतं, म्हणजे गड्डा लवकर मोकळा झाला असता, म्हणजे जास्त न्यूट्रॉन वाचले असते आणि हेलियम जास्त झालं असतं. आकाशातलं हेलियम बघता प्रकार तीन, फार तर चार, त्याच्यावर नाही. आकाशातला गॅस मोजून अणूच्या आतल्या कणांची जात-मोजणी केली होती.

मग १९८९ पासून सर्न या युरोपातल्या कणांच्या प्रयोगशाळेत, जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात, झेड नावाचा कण लाखोंनी बनवून तो किती चटकन फुटतो हे मोजलं. न्यूट्रिनोचे प्रकार जितके जास्त तितक्या त्याला फुटायच्या वाटा जास्त. उत्तर आलं २.९८ च्या आसपास, म्हणजे ३. त्यानंतर प्लँक उपग्रहानं ६ नंबरमधल्या जुन्या प्रकाशावरनं तोच आकडा तिसऱ्याच रस्त्यानं काढला, तोही ३ च्या जवळच.

विश्वाच्या पहिल्या तीन मिनिटांवर मी विश्वास ठेवतो तो यासाठी. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली तीन मोजमापं एकाच आकड्यावर येऊन थांबतात.

९. सर्नच्या मशीनमध्ये बिग बँग परत घडवतात हे खरं का?

अख्खा बिग बँग नाही, त्या वेळची परिस्थिती, अणूपेक्षाही लहान जागेत, एका क्षणाच्या कणभर भागापुरती. एलएचसी या सर्नच्या मशीनमध्ये शिशाची केंद्रकं एकमेकांवर आपटली की सूर्याच्या गाभ्यापेक्षा १ लाख पटीनं जास्त तापमान तयार होतं आणि क्वार्क मोकळे होतात, जसे विश्वाच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदात होते. सगळ्यांना वाटलेलं की हा गॅस असेल, निघालं जवळजवळ घर्षण नसलेलं द्रव. हे बघणाऱ्या अ‍ॅलिस प्रयोगात कोलकात्याच्या व्हीईसीसीसकट भारतातल्या बऱ्याच संस्थांनी डिटेक्टर बांधायला हात लावलाय, आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

१०. त्यात ब्लॅक होल तयार होऊन पृथ्वी गिळली तर?

२००८ ला मशीन सुरू होताना चॅनेलवाल्यांनी लोकांना फार घाबरवलं, त्या दिवसात बारकी पोरं रडत शाळेत आलेली मी स्वतः बघितलीत. वरून येणारे कॉस्मिक किरण एलएचसीपेक्षा जास्त जोरानं आपल्या हवेवर ४५० कोटी वर्षं आपटतायत, आत्ताही, आणि पृथ्वी जागेवर आहे.

११. गॉड पार्टिकल म्हणजे देवाचा कण सापडला का?

नाही. ते टोपणनाव आहे, शास्त्रज्ञांना ते आवडत नाही. कणाचं नाव हिग्ज बोसॉन, ४ जुलै २०१२ ला सापडल्याचं जाहीर झालं. त्यातला बोसॉन आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरनं. अगदी सुरुवातीला इलेक्ट्रॉन, क्वार्क यांना वस्तुमान नव्हतं, विश्व थंड होताना हिग्जचं क्षेत्र सगळीकडं जागं झालं आणि मग त्यांना वस्तुमान आलं, आणि हिग्ज कण सापडणं म्हणजे ते क्षेत्र खरंच आहे याची खूण. देव आहे का नाही यावर हा कण काहीच बोलत नाही.

१२. मग लोखंड, सोनं, आपल्या अंगातलं कॅल्शियम हे पण बिग बँगमध्येच बनलं का?

नाही, बिग बँगमध्ये हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम एवढंच. विश्व इतक्या झपाट्यानं थंड झालं की पुढचं शिजायला वेळच मिळाला नाही. बाकीचं ताऱ्यांच्या पोटात, हे १९५७ ला बर्बिज नवरा-बायको, फाउलर आणि हॉईल या चौघांनी सविस्तर मांडलं. त्याच्या आधी हॉईल यांनी नुसत्या ताऱ्यांचा विचार करून सांगितलेलं की कार्बनच्या केंद्रकात एक ठराविक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, नाहीतर कार्बन बनणारच नाही आणि आपणही नाही, आणि प्रयोगशाळेत शोधल्यावर ती सापडली.

सोनं आणखी अवघड. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याच्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गो या त्यासाठीच बांधलेल्या यंत्रांनी पकडल्या, दुर्बिणींनी तिकडं बघितलं तर जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या.

आपल्या उजनीच्या पाण्यातलं ऑक्सिजन कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्याचं, पण त्यातलं हायड्रोजन थेट बिग बँगचं. नळाला पाणी आलं की घरात पळापळ होते, कळशा भरतात, तेव्हा त्यातले दर तीन अणूंतले दोन १३८० कोटी वर्षं जुने असतात.

१३. अँटीमॅटर आणि मॅटर सारखं बनलं तर एकमेकांना संपवून टाकायला पाहिजे होतं, आपण उरलो कसे?

खरंच संपवलं. अँटीमॅटरचे कण म्हणजे प्रतिकण, वस्तुमान तेच पण विद्युतभार उलटा. साधारण १०० कोटी प्रतिकणांमागं १०० कोटी आणि एक कण होता, जोड्या नष्ट होऊन प्रकाश झाल्या आणि तो वरचा एक एक उरला. ताऱ्यांपासून आपल्यापर्यंत सगळं त्या उरलेल्यातनं. हे प्रमाण नुसता तर्क नाही, जुन्या प्रकाशातले फोटॉन आणि आजचं द्रव्य मोजून ते काढलंय.

तो एक जास्त का, हे मात्र सुटलेलं नाही. साखारोव यांनी १९६७ ला तीन अटी सांगितल्या, त्यातली एक म्हणजे निसर्गानं कण आणि प्रतिकण यांच्यात थोडा भेदभाव केला पाहिजे. असा भेदभाव १९६४ लाच क्रोनिन आणि फिच यांना केऑन कणांमध्ये दिसला होता, पण आजवर मोजलेला सगळा मिळून फारच तोकडा पडतो. इथं आकाश मोठं उत्तर मागतंय आणि प्रयोगशाळेकडं ते अजून नाही.

१४. डार्क मॅटर खरंय का? दिसत नाही तर मानायचं कशाला? आणि जेम्स वेबनं बिग बँग खोटा पाडला असा व्हिडिओ आलाय...

डार्क मॅटर आधी. झ्विकी यांनी १९३३ ला दीर्घिकांच्या समूहात आणि वेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात दीर्घिकांच्या फिरण्यात बघितलं की दिसणारं वजन पुरत नाही. मग कुणी म्हणेल की साधंच द्रव्य आहे, फक्त अंधारात आहे. ते चालत नाही, कारण ७ नंबरच्या तीन मिनिटांत किती ड्युटेरियम (जड हायड्रोजन, एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन) उरलं यावरनं साधं द्रव्य एकूण ५ टक्क्यांच्या आसपासच निघतं, आणि जुन्या प्रकाशातनंही तेवढंच. डार्क मॅटर सुमारे २७ टक्के, उरलेली ६८ टक्के डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारं काहीतरी. डार्क मॅटरचा कण पकडायला खोल खाणींमध्ये डिटेक्टर बसलेत, झारखंडात जादुगुडालाही अशी प्रयोगशाळा आहे, अजून कुणाच्याच हाताला लागलेला नाही.

आता व्हिडिओ. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीला अपेक्षेपेक्षा लवकर बनलेल्या आणि जास्त तेजस्वी दीर्घिका दिसल्या हे खरं. त्यामुळे दीर्घिका कशा बनल्या हा भाग परत लिहावा लागतोय, ६, ७, ८ मधलं काही हललेलं नाही. खरं न जुळणारं सांगतो. प्रसरणाचा वेग जुन्या प्रकाशावरनं ६७ येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरनं ७३ (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापार्सेकला, म्हणजे साधारण ३३ लाख प्रकाशवर्षांमागं). जुन्या ताऱ्यांत लिथियम हिशोबाच्या एक तृतीयांशच सापडतं. न्यूट्रॉनचं आयुष्यसुद्धा दोन पद्धतींनी मोजलं तर काही सेकंदांचा फरक येतो. हे कुणी लपवत नाही, यावरच तर लोक कामाला लागलेत.

१५. बिग बँगच्या आधी काय होतं?

आपले नियम पहिल्या सेकंदाच्या अगदी बारीक भागापर्यंत तपासलेले आहेत, त्याच्या मागं इन्फ्लेशन ही कल्पना आहे, १९८१ ला गुथ यांनी मांडलेली, की विश्व क्षणात अफाट पटीनं फुगलं. जुन्या प्रकाशातल्या बऱ्याच गोष्टी तिच्याशी जुळतात पण पक्का पुरावा नाही. २०१४ ला पुरावा मिळाल्याची बातमी आली, ती आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली. त्याच्याही मागं गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम एकत्र लागतात आणि तो सिद्धांत हातात नाही. त्यामुळे "आधी" या शब्दाला काही अर्थ आहे का, हेच अजून उघडं आहे. ठामपणे सांगणाऱ्यांच्या व्हिडिओंपासून सांभाळून राहा.

१६. नारळीकर सर बिग बँग मानत नव्हते ना? मग आम्ही का मानायचा?

मानत नव्हते हे खरं. कोल्हापूरला जन्मलेले, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे आणि मराठीत आपल्यासाठी लिहिणारे सर. ते आणि हॉईल स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच दिसतं या मताच्या बाजूचे, आणि बिग बँग हे नावच हॉईल यांनी १९४९ ला बीबीसी रेडिओवर विरोधात बोलताना दिलेलं. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले ते ६ आणि ७ मधल्या पुराव्यांमुळे. पण १२ नंबरचं उत्तर परत बघा, ताऱ्यांत मूलद्रव्यं बनतात हे त्याच हॉईल यांच्या कामामुळे कळलं. सर मे २०२५ मध्ये गेले. कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मान्य करू नका, मोजून बघा, हे मी त्यांचं वाचूनच शिकलो, आणि मोजल्यावर माझं उत्तर त्यांच्यापेक्षा वेगळं आलं.

१७. मुलीला यातच जायचंय, सोलापुरातनं जमेल का?

जमेल की. बारावी सायन्सला गणित पक्कं करायचं, मग आयसर, नायसर यांच्या प्रवेश परीक्षा, किंवा इथंच बीएस्सी करून जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा. इंग्रजीची भीती घालू नका. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्याची आयुका आणि नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी दुर्बीण लोकांना बघायला मिळते, ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत, तिला एकदा नेऊन आणा. आणि हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायचंय, २०२३ ला मंजुरी मिळालीय, ती शिकून बाहेर पडेल तेव्हा तिथं माणसं लागणारच आहेत.

१८. हे सगळं वाचलं, पण स्वतःच्या डोळ्यांनी काही बघता येतं का?

दोन-तीन गोष्टी येतात. घरात जुना अँटेनावाला टीव्ही पडून असेल तर रिकामं चॅनेल लावा, पडद्यावर ज्या मुंग्या येतात त्यातल्या साधारण शंभरात एक ६ नंबरच्या प्रकाशाच्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात अमावस्येच्या आसपास नान्नजच्या पुढं अंधारात जा, रात्री आठच्या सुमारास डोक्यावर देवयानी धुरकट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते, तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीचा. आणि एक जुनी सीडी घेऊन सीएफएल बल्बचा प्रकाश तिच्यावर तिरका पाडा, सलग इंद्रधनुष्य न दिसता तुटक रंगीत पट्टे दिसतील. जमखंडीत हर्शेलनं सूर्याच्या ज्वाळांच्या रेघा बघितल्या त्या याच तत्त्वानं. सूर्याचा प्रकाश मात्र सीडीवरनं थेट डोळ्यात घेऊ नका, भिंतीवर पाडून बघा.